घोड्याला भिणारा काउबॉय

घोड्याला भिणारा काउबॉय अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो शारजात आमच्या समोरच्या इमारतीत राहतो. राहायचा, असं आता म्हणायला हवं. ऑफिसात त्यांना सगळे टोपीवाले म्हणत. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, दुबईच्या टोकाला जबल अली बंदरात आमच्या कंपनीचे स्टोअर इन-चार्ज, अंगाने काडी आणि डोक्यावर परातीएवढी टोपी. तरुणपणी फुजैऱ्याच्या तेलाच्या टर्मिनलवर एका अमेरिकन फोरमनने मायदेशी परतताना ती टोपी आणि कंट्री म्युझिकच्या कॅसेटींचा एक खोका त्यांना दिला, आणि तेवढ्या भांडवलावर या सज्जनाने मनाने टेक्सासला बिऱ्हाड केलं. टेक्सास कधी पाहिलं नव्हतं. कंपनीच्या फॅमिली डेला मुलांसाठी एक तट्टू आणलं होतं, तर हे चामडी बूट घालून दिवसभर बिर्याणीच्या टेबलामागे उभे राहिले. जनावराचा भरवसा नसतो, म्हणाले. माझी मुलगी त्यांना काउबॉय अंकल म्हणायची, आणि ते तिला दरवेळी टोपी काढून सलाम करायचे.

सहा वर्षं मी त्यांच्या गाडीतून शारजा ते जबल अली गेलो. मागच्या सीटवर गिटार, तिला सीटबेल्ट. वाटेतल्या ब्रिजवर ट्रॅफिक तुंबला की बाकीचे हॉर्न वाजवत, टोपीवाले गायला लागत. कुणाचा कुत्रा मेलेला, कुणाचा ट्रक विकलेला, कुणाची बायको निघून गेलेली, अशी ती गाणी. एकदा मी वैतागून विचारलं की या परक्या रडगाण्यात तुम्हाला सापडतं काय? "अहो सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "दुष्काळ, जनावरं, रुसलेली बायको आणि देव. नगर जिल्ह्याबाहेरचं यात आहे काय?" सेक्रेटरी म्हणजे मी मराठी मंडळाचा, सलग अकरा वर्षं. त्यामुळे फोन माझ्या कानापासून सुटत नसे. गणपतीचं मखर, मोदकांचा आकडा, हळदीकुंकवाचा हॉल, सगळं मी त्या गाडीत बसून ठरवलं. फोन आला की टोपीवाले आवाज उतरवत, आणि मी ठेवला की सोडलेल्या ओळीवरून पुढे सुरू करत.

त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा कंट्री म्युझिकची उपासना असे. दरवर्षी मला बोलावणं, आणि दरवर्षी माझं उत्तर, "येऊ की, इन्शाल्ला." या देशात त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे काल उतरलेल्या माणसालाही कळतं. त्यांनाही कळत होता. तरी पुढच्या वर्षी बोलावत.

यंदा त्यांना साठी लागली आणि कंपनीने व्हिसा पुढे चालवला नाही. तीस वर्षं या वाळवंटात घासायची आणि शेवटी एचआरच्या पोराकडून "थँक यू अंकल" ऐकायचं. मंगळवारचं तिकीट होतं. त्याच्या आदल्या शनिवारी उपासना. टोपीवाले टोपी हातात धरून माझ्या टेबलाशी आले. "या वेळी याच. मी गाणार आहे. आमच्या मंडळींनी लिहिलेलं, मराठीत. पाळकसाहेबांनी शेवटची पाच मिनिटं दिलीत." त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी इथेच वारली. नवऱ्याच्या कॅसेटींवर तिने जन्मभर नाक मुरडलं, पण तिच्या वहीत हे एक गीत निघालं आणि यांनी त्याला चाल लावली. चर्चमध्ये इतकी वर्षं ते स्पीकर उचलत होते, खुर्च्या मांडत होते. माइकसमोर एकदाही उभे राहिले नव्हते.

मुलीला घेऊन गेलो. एकाच आवारात अनेक हॉल, आणि एकेका हॉलमध्ये तास वाटून दिलेल्या भाषा. दारावर कागद चिकटवलेला: साडेपाचपर्यंत इंग्रजी, पुढे मल्याळी. आत चौकड्यांचे शर्ट, टोप्या, एक बँजो, आणि पुठ्ठ्याचा घोडा. मी सवयीने दाराबाहेर बूट काढले. आत पाहतो तर अख्खी मंडळी बुटांत आणि मीच मोज्यांवर. मुलगी चार पावलं लांब जाऊन बसली. टोपीवाले पहिल्या रांगेत गिटार मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा असा काही उजळला की माझी मलाच लाज वाटली. सहा वर्षांत कधीतरी यायला काय झालं होतं?

सुरुवातीची दोन गाणी झाली. मग पाळकांनी पहिल्यांदाच आलेल्यांना उभं राहून नाव सांगायला सांगितलं. नाव. तेवढंच. पण माझ्या हातात माइक आला, आणि अकरा वर्षं आभारप्रदर्शन केलेल्या माणसाच्या हातात माइक देऊ नये. मी व्यासपीठ म्हटलं, उपस्थित बंधुभगिनी म्हटलं. पाळकांचे आभार मानले, बँजोवाल्याचे मानले, खुर्च्या मांडणाऱ्यांचे मानले. सर्वधर्मसमभावावर दोन शब्द बोललो. मग टोपीवाल्यांकडे वळलो: फुजैरा, फोरमन, तट्टू, सगळं. इंग्रजीतून. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि टाळी पडली की मला थांबता येत नाही. मुलगी जवळ येऊन माझा शर्ट ओढत होती. मला वाटलं, तिला माझ्या मोज्यांची लाज वाटतेय.

प्रवचन संपलं तेव्हा काचेच्या दारापलीकडे मल्याळी बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. पाळकांनी घड्याळ पाहिलं, हात वर करून आशीर्वाद दिला आणि टोपीवाल्यांच्या खांद्यावर थोपटलं. "नेक्स्ट टाइम, ब्रदर. इन्शाल्ला." टोपीवाल्यांनी मान हलवली, गिटार पिशवीत घातली आणि स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "दॅट वॉज हिज टाइम."

परतताना त्यांनीच गाडी चालवली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "माझ्याबद्दल चारचौघांत इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं, सेक्रेटरीसाहेब." चिडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, आता म्हणा ना ते गाणं, आम्ही दोघं ऐकतो. तो माणूस गाडीत गायला नाही म्हणाला, असं त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं. "लोकांसमोर म्हणायचं होतं," ते म्हणाले. "तुम्ही तर ऐकलंय की. तीन वर्षं रोज म्हणायचो, ब्रिज लागला की." मी मान डोलावली. खोटी.

मंगळवारी ते गेले. टोपी माझ्या मुलीला देऊन गेले, ती तिने अजून घातलेली नाही. मी आता कंपनीच्या बसने जातो. ब्रिज लागतो, बस अडकते, आणि मी रोज ते गाणं आठवायला बसतो. एक ओळ नाही, चाल नाही. आठवतं ते एवढंच, की त्या ब्रिजवर मी कुणाशी तरी मोदकांबद्दल बोलत होतो आणि शेजारी कुणीतरी आवाज हळू करत होतं. हल्ली ब्रिज आला की मी फोन बंद करून खिशात ठेवतो. मंडळाचे लोक विचारतात, त्या वेळेला तुमचा फोन लागत का नाही.