सूपभर कोंड्याचा भाऊ

माझा भाऊ कोंडिबा निळ्या डोळ्यांचा होता आणि साधं पाणी मागतानाही ओरडायचा. त्याचं सगळं मराठी नाशकात गंगेवरच्या फूलबाजारात शिकलेलं. तिथं हळू बोलून कुणाचा झेंडू खपतो? ‘आई, ताक हाय का, ताऽऽक’ अशी आरोळी आमच्या स्वयंपाकघरात उठली की शेजारच्या मळ्यातलं कोणीतरी तांब्या घेऊन हजर व्हायचं.

तो आमच्या हाती लागला तेव्हा झेंडूत झोपला होता. सत्तरच्या दशकात केस वाढवलेले गोरे गंगाघाटावर हिंडायचे. त्यातलाच हा एक, भरकटत मखमलाबाद रस्त्यावरच्या आमच्या मळ्यात शिरलेला. ऐन दसऱ्याच्या तोंडावर वाफाभर झेंडू त्यानं अंगाखाली चिरडला होता. आबांनी त्याला पकडून बैलाच्या दाव्यानं आंब्याला बांधलं. आईनं येऊन दावं सोडलं, त्याच्या हातात टोपली दिली आणि शांतपणे शिक्षा ठोठावली, ‘दसरा होस्तोवर फुलं तोडायची.’ दसरा झाला, दिवाळीचा झेंडू आला, मग शेवंती. शिक्षा संपल्याचं आईनं सांगितलं नाही आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

त्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला आईनं त्याला पाटावर बसवून उटण्यानं इतकं घासलं की गोरा तांबडा झाला. माझा पाठचा भाऊ तान्हेपणीच गेला होता. अशा घरात पुढचं मूल टिकावं म्हणून ते सूपभर कोंड्यावर विकत घेतल्यासारखं करतात आणि त्याला कोंडिबा म्हणतात. मग ते कोणी नेत नाही. फक्त इथं विकणारी आई हॉलंडात. ‘हॉलंड म्हंजी मनमाडच्या फुडं आसंल,’ आई म्हणाली, ‘येईल तवा देऊ कोंडा.’ भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं आणि मला भाऊ मिळाला.

पुढे काही वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि नेमकी तेव्हाच त्याची आई त्याला न्यायला आली. तिकिटं हळदीच्या दिवसाची. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला भाऊ लागतो आणि माझा भाऊ विमानात बसणार, म्हणून मी माजघरात रडत होते. आई रडली नाही. ती कोंडा पाखडत बसली.

बाई उंबऱ्याशी आली. आईनं तिला कुंकू लावलं आणि तिच्या झग्याच्या ओच्यात भरलं सूप रितं केलं. पाहुणचाराची रीत समजून बाईनं झगा दोन्ही हातांनी धरला आणि वाकून नमस्ते केलं. आई आबांकडे वळून म्हणाली, ‘घेतला बरं का तिनं. पोरगं आपलं.’

कोंडिबा कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं त्यांच्या भाषेत बाईला सगळं समजावलं, अगदी हळू आवाजात. तो हळू बोलू शकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाईनं ओच्यातल्या कोंड्याकडे पाहिलं. मग हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि ओच्यातला अर्धा कोंडा ओंजळी भरभरून तिनं परत सुपात घातला. आईनं सूप निरखून पाहिलं. ‘शहाणी हाय,’ म्हणाली.

तिकिटं बदलली. लग्नात कोंडिबानं कान असा पिळला की पुढच्या सगळ्या फोटोंत ह्यांचा हात कानावरच आहे. ‘काय हवं ते माग,’ असं ह्यांनी म्हटल्यावर मांडवभर आरोळी उठली, ‘बहीण माहेरी पाठवायची, भाऊबीजेलाऽऽ.’

मग नाशिकरोड स्टेशन आलं. गाडी हलली, बाईनं खिडकीतून हात हलवला आणि दारात उभा राहून कोंडिबा ओरडला, ‘आई, माझी शिक्षा संपली का, शिक्षाऽऽ?’ सगळा फलाट वळून पाहू लागला. माझ्या आईनं जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. तिनं पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गाडीमागे चालत ती ओरडली, ‘नाय संपली. दसऱ्याला येऽऽ.’