मजुरीचा कुडो

आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत मी लिहिलेलं पॅकेज आजही इंटरनेटवर फुकट मिळतं. त्याच्या षटकोनी चिन्हात एक लोखंडी माप आहे. ते दिसलं की मला शिसारी येते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजात मी शिकवतो. आमच्याकडे धान क्विंटलनं विकलं जातं, पण किती पिकलं असं विचारलं तर गावातले लोक अजून कुडो या जुन्या भांड्याच्या मापातच सांगतात. ते कुडो किलोत बदलायचे आणि काट्यावरच्या वजनाशी जुळतात का ते पाहायचं, एवढंच पॅकेजचं काम. एका कुडोत किती किलो, हे ठरवायला मी गावाकडून आमच्या घरचा कुडो आणला, धान भरून तोलला आणि तो आकडा पॅकेजमध्ये कायमचा घातला. पॅकेज तपासणाऱ्या टेस्टही त्याच आकड्यावर बेतल्या. सगळ्या पास झाल्या. होणारच होत्या.

पॅकेज प्रसिद्ध झाल्यावर ते पहिल्यांदा वापरलं माझ्याच विद्यार्थिनीनं. परसवाड्याकडच्या तिच्या गावातल्या मजूर घरांच्या शेतीवर ती पीएचडी करत होती. एका रविवारी ती घरी आली. तिच्या गावच्या प्रत्येक नोंदीपुढे पॅकेज एकच इशारा छापत होतं : नोंद संशयास्पद.

"सर, काट्यावर वजन जास्तच येऊन राह्यलं. पूरा चॅप्टरच हटवू का?"

"लोक शीग लावून भरत असतील," मी म्हणालो.

"सपाट भरतात सर. म्या सोता पाह्यलं."

बायको चहा घेऊन आली होती. माझ्या टेबलावरच्या कुडोत मी पेनं ठेवायचो. तिनं ती बाहेर काढली.

"हा कोणता आणला तुमी? घेण्याचा का देण्याचा?"

"म्हणजे?"

"दोन होते ना तुमच्या घरी. सासूबाईनं मले पहिल्याच हंगामात सांगतलं, मजुरी मोजाले हाच घ्यायचा. म्या बी मोजली याच हातानं. आंदर पाहा, दुसरा पत्रा बसवला हाय."

मी आत हात घातला. तळ हवा त्यापेक्षा वर होता, आणि ठोकल्यावर पोकळ वाजला. फटीत कुजलेला कोंडा अडकला होता. हात धुतला तरी बोटांचा वास जाईना.

"आमच्या आजीले धान रोवण्याची मजुरी असल्याच कुडोनं भेटे," विद्यार्थिनी म्हणाली. "ते म्हणे, मालकाचं धान घरी येता येता आटते."

ती हसली. मला हसता आलं नाही. बापानं मापात चोरलं. मी ते माप जगाला फुकट वाटलं, आणि वर लुटलेल्यांच्याच नोंदींवर संशयाचा शिक्का मारला.

तिच्यासमोरच मी तो आकडा काढून टाकला. आता वापरणाऱ्यानं आपल्या गावचा कुडो तोलून आकडा द्यायचा. नवी टेस्ट तिच्या गावच्या वजनांवर लिहिली. इशारे गेले. नव्या आवृत्तीच्या टिपेत मी लिहिलं : मूळ आकड्यात त्रुटी होती.

तिनं स्क्रीनवर वाचलं. "त्रुटी कायची सर? खोटा तळ होता. तसंच लिवा ना."

मीही वडिलांसारखाच, शब्द कमी मोजून देत होतो. मी ती ओळ खोडली आणि मजुरी द्यायच्या आमच्या घरच्या मापाला खोटा तळ होता, असं लिहिलं. मग त्याच कुडोचं चित्र असलेलं चिन्ह बदलायला घेतलं.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "हे खोटं माप म्या चॅप्टरमध्ये दाखवीन."

तिनं दाखवलं. एकही नोंद गाळली नाही. म्हणून चिन्ह तसंच आहे, आणि पॅकेज उघडलं की मला आधी तेच पाहावं लागतं.