पेटीच्या तीन किल्ल्या

हॅझलकोटच्या चर्चमध्ये ओकची एक जाडजूड पेटी होती. तिला तीन कुलपं. एक किल्ली पाद्रीसाहेबांकडे आणि दोन चर्चच्या दोन कारभाऱ्यांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा जुना दंडक. आत गावाचे जन्म, लग्नं आणि मरणं नोंदलेल्या वह्या. एनिड पेंबर दर शुक्रवारी त्या पेटीचं झाकण मेण लावून चकचकीत करायची. चौदा वर्षं करत होती. आतल्या वह्या मात्र तिने कधी पाहिल्या नव्हत्या, आणि तिच्या घराण्याचं नाक त्या वह्यांच्याच नावाने कापलं गेलं होतं.

कापणारे होते कारभाऱ्यांपैकी एक, ऑब्री ट्रँटरमास्तर. गावाच्या शाळेत त्यांनी तीन पिढ्या बडवल्या. तरुणपणी सगळ्या वह्या कार्डांवर उतरवून त्यांनी वर्षावार, जानेवारी ते डिसेंबर, लावून ठेवल्या होत्या. १९३८ च्या सुगीच्या जेवणाला, गाव शाळेच्या हॉलमध्ये हॅम आणि सफरचंदाच्या दारूवर ताव मारत असताना, मास्तर कार्डं घेऊन उभे राहिले.

"पेंबरांचा मूळपुरुष थॉमस. बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३१. आईबापांचं लग्न एप्रिल १७३१. म्हणजे पेंबरांकडे पाळणा आधी हलला आणि चर्चची घंटा मागून वाजली!"

हॉल हसून लोटपोट झाला. एनिडचा बाप रूबेन ताटावरून उठला, टोपी घातली आणि निघून गेला. झुडपांची कुंपणं बांधण्यात पाच गावांत त्याचा हात धरणारा नव्हता, पण त्या दिवसानंतर तो ना चर्चची पायरी चढला ना सुगीच्या जेवणाला गेला. बायकोला पुरलं तेव्हाही फाटकाबाहेर उभा राहिला. हट्टीपणा म्हणा हवं तर. मी अपमान म्हणेन.

आता, सत्तावीस वर्षांनी, चर्चला सातशे वर्षं होत होती आणि मास्तरांची यादी पुस्तकरूपाने छापली जाणार होती.

"तोंडचं वाऱ्यावर जातं गं पोरी," रूबेन म्हणाला. एकोणऐंशीचा झाला होता. "छापलेलं जात नाही. मी मेल्यावरही लोक वाचतील."

एनिड मास्तरांकडे गेली. "मास्तर, मला मूळ वही बघायचीय."

"मिस पेंबर, जे आहे ते यादीत आहे. तुम्ही बघितल्याने तारखा बदलणार आहेत का?" किल्ली काही त्यांच्या खिशातून बाहेर आली नाही.

शुक्रवारी एनिडने पाद्रीसाहेबांना पेटीखालचा लाकडाचा भुसा दाखवला. "कीड लागलीय साहेब. वह्यांपर्यंत पोचली असेल तर?"

भुसा खराच होता. फक्त गेली सहा वर्षं ती तो मुकाट्याने झाडत आली होती. पाद्रीसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि शनिवारी सकाळी तिन्ही किल्ल्या हजर! तिसरी घेऊन आला दुसरा कारभारी, क्लेम बेलिस नावाचा शेतकरी.

वह्यांना कीड नव्हती. एनिडने हात पुसले, १७३१ चं पान काढलं आणि बोट टेकवलं. एप्रिल: जॉन पेंबर आणि हेस्टर लिलवॉल यांचं लग्न.

"झालं समाधान?" मास्तर म्हणाले.

एनिड खाली वाचत गेली. मे. जून. सुगीतली दोन मरणं. डिसेंबर. त्याच्याखाली जानेवारी. मग फेब्रुवारी: थॉमस, जॉन पेंबर आणि त्याची बायको हेस्टर यांचा मुलगा. त्याच्याही खाली, पंचवीस मार्चला, मोठ्या अक्षरात नवं साल, १७३२.

"मास्तर, डिसेंबर १७३१ च्या खाली फेब्रुवारी १७३१ कसा आला?"

मास्तर वाकले.

"पूर्वी साल पंचवीस मार्चला बदलायचं," एनिड म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. मी दहा वर्षांची होते. पाठ नव्हतं म्हणून हातावर पट्टी मारलीत."

साल जानेवारीतच उगवतं असं नाही, हे पाडवा करणाऱ्यांना कुणी सांगायला नको. पण नीटनेटकेपणाच्या नादात मास्तरांनी फेब्रुवारीचं कार्ड उचलून एप्रिलच्या आधी लावलं, आणि बिचारी हेस्टर मेल्यावर बदनाम झाली.

क्लेमने बोटांवर महिने मोजले. "दहा महिने! अहो, आमच्याकडे तर सातच लागले होते!"

एनिड धावतच घरी गेली. रूबेनने सगळं ऐकलं, डोळे पुसले, पण जागचा हलला नाही.

"पुस्तकात दुरुस्त करतो म्हणालेत, बाबा."

"बोलला चारचौघांत. गिळू दे चारचौघांत."

ट्रँटरमास्तर खडूस होते, पण खोटारडे नव्हते. त्या वर्षीच्या सुगीच्या जेवणाला ते त्याच हॉलमध्ये काठी टेकत उभे राहिले. "हेस्टर पेंबर लग्नानंतर दहा महिन्यांनी आई झाली. सत्तावीस वर्षांपूर्वी मी इथे बोललो ते साफ चूक होतं. चूक वहीची नाही, माझी." मग ते वाढप करणाऱ्या एनिडसमोर गेले आणि तळहात पुढे केला. "पाठ नसेल त्याला एक पट्टी. नियम माझाच आहे."

एनिड लाकडी डाव घेऊन तशीच उभी.

"मार गं पोरी! नियम आहे!"

दारात टोपी हातात घेऊन रूबेन उभा होता.

एनिडने डाव हाणला. चांगला सणसणीत. मास्तर कळवळले, मग हसले, आणि सगळा हॉल टाळ्या पिटत उठला. रूबेन आत आला, टोपी खुंटीला लावली आणि बाकावर ऐसपैस बसला.

"सव्वीस जेवणं बुडाली माझी," तो म्हणाला, "आणि एक अर्धवट राहिलंय. आधी ते वाढ."