फिरायला गेलो आणि साखर वाढली

मला साखर झाली ती गोड खाऊन नाही, रात्रपाळीने झाली. हे माझं मत नाही, नौपाड्यातल्या डॉक्टरचं. मी सातवीत शाळा सोडलेली, माझं मत कोण विचारतो?

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. डोंबिवलीत रंगाच्या कारखान्यात मी कायमचा रात्रपाळीला. दिवसा चाळीत झोपायचो, म्हणजे नुसता आडवा पडायचो. नळावरची भांडणं संपली की भंगारवाला यायचा, आणि तो तर माझ्या उशीपाशी येऊनच ओरडायचा.

डॉक्टर म्हणाला, "झोप पुरी झाली नाही की अंग साखर नीट वापरत नाही, ती रक्तात राहते. रात्रपाळी सोडणार का?"

"नाही जमणार."

"मग रोज चाला. भरभर, घाम फुटेपर्यंत. अंग कामाला लागलं की साखर ओढून घेतं. झोपेची बरोबरी नाही व्हायची, पण नुकसान कमी होईल."

मी म्हटलं, "माणूस दमला म्हणून तुमच्याकडे आला, आणि तुम्ही त्याला अजून दमवताय?"

डॉक्टर हसला. बायको नाही हसली. तिच्या वडिलांचा पाय साखरेपायी कापलेला. घरी येईपर्यंत ती माझ्या पायांकडे बघत होती.

"एवढं काय बघण्यासारखं आहे त्यांच्यात?"

"आहेत तोवर बघून घेते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी कामावर जायच्या आधी ती मला उठवून बाहेर ढकलायला लागली. मी कोपर गावाच्या बाजूला खाडीपर्यंत जाऊन यायचो. पण त्या वाटेवर कारखान्यातल्या किती जणांची घरं! वेळ नेमकी चहाची. ओट्यावरून हाक आली की थांबायचं, आणि चहा नको म्हटलं की समोरचा विचारणार, "का, आमच्या घरचा चालत नाही?" शेवटचं घर माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका कोळ्याचं. त्याच्या आईच्या चहात चमचा उभा राहायचा. आणि साखरेचं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलीला स्थळं बघत होतो. घरात आजार आहे म्हटलं की माणसं पुन्हा फिरकत नाहीत.

पुढच्या वेळी रक्त तपासलं, तर साखर वाढलेली. डॉक्टर चक्रावला.

"चालता ना रोज?"

बायकोने माझी चप्पल उचलून त्याला झिजलेला तळ दाखवला.

"पुढच्या खेपेला उतरली नाही तर सुई सुरू करू," तो म्हणाला.

मग तीच पदर खोचून माझ्याबरोबर निघाली. तीन ओटे झाले आणि ती थांबली. "अहो, हे फिरणं आहे की घरोघरचा तीर्थप्रसाद?"

"हळू बोल. साखरेचं नाव काढू नकोस, मुलीचं अडेल."

कोळ्याच्या घरी म्हातारी उठायच्या आतच बायको बोलली, "मावशी, ह्यांना काही देऊ नका. आज ह्यांचा उपवास आहे."

उपवासाला चहा चालतो, हे ती घाईत विसरलेली. म्हातारी आत गेली ती चहा घेऊन आली, आणि उपवास म्हणून वर राजगिऱ्याचे दोन लाडू.

"खा रे बाबा. उपाशीपोटी कशाला फिरतोस?"

आता काय करणार! मी लाडू उचलला. बायकोने एकदा माझ्या पायांकडे बघितलं.

"ठेवा तो लाडू!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की कोंबड्या पळाल्या. "ह्यांना साखर झालीय. बापाचा पाय गेला तो मी बघितलाय, ह्यांचा बघायचा नाही मला. या वाटेवर कुणी ह्यांना गोड पाजलं तर माझ्याशी गाठ आहे!"

सगळ्या दारांतून डोकी बाहेर आली. मला वाटलं, संपलं आता मुलीचं लग्न.

म्हातारी म्हणाली, "मग आधी नाय का बोलायचं, बाय? माझ्या दिराला पण तेच आहे." पलीकडच्या दारातला म्हणाला, "माझ्या भावाला." अर्धी गल्ली साखरेची, आणि सगळे गुपचूप! पुढे मुलीला स्थळ आलं तेही त्याच वाटेवरून. व्याही स्वतः बिनसाखरेचा चहा पितात.

त्या दिवसापासून सगळीकडे मला कडू काढा मिळायला लागला. सोबत म्हणून घरचेही तोच प्यायचे. कुणाला चव आवडेना, मग हाकाही कमी झाल्या आणि चालणं वाढलं. बायको रोज बरोबर यायची. तिचा पाय माझ्यापेक्षा झपझप, मी मागून धापा टाकत. साखर उतरली. सुई टळली.

आता ती नाही. रात्रपाळी कधीच सुटली, तरी झोप येत नाही. अंथरुणात तिची बाजू रिकामी आहे, दुसरं काही कारण नाही. म्हणून संध्याकाळी चालतो. पाय दोन्ही आहेत.

म्हातारीही गेली. परवा तिच्या नातसुनेने ओट्यावर बोलावून चहा दिला. लाडवावरून माझी बायको ओरडली ती गोष्ट त्या घरात अजून सांगतात. मी म्हटलं, "पोरी, आज घाल गं एक चमचा. कोण बघतंय?"

तिने साखरेचा डबा मागे सरकवला.

"नको आजोबा. आजी ओरडतील."