बोरीच्या पुढचा थांबा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट माझी नोकरीच संशय घेण्याची आहे. सरकारी विमा योजनेत पेशंटला दवाखान्यात आणलं की अँब्युलन्सच्या मालकाला फेरीचे पैसे परत मिळतात... शहरातल्या फेरीला एक दर, खेड्यातल्या फेरीला दुसरा. ते क्लेम परभणीच्या ऑफिसात बसून मी तपासते. गाडीत सवारी बसवलेली सापडली, तर क्लेम रद्द आणि ड्रायव्हर घरी.

जिंतूरकडच्या एका गाडीचा जीपीएस बघताना मला खटकलं — पेशंट घेऊन परभणीला येताना ती बोरी गावाच्या पुढे एकाच जागी थांबायची. पेशंट वेगळे, गावं वेगळी, थांबा तोच. तिथे ना हॉटेल, ना वस्ती; एक लहान पूल आणि कापसाची शेतं. म्हणजे कोणीतरी उतरत होतं.

ड्रायव्हर गणपतमामांना बोलावलं. पूर्वी ते वाटेत सवाऱ्या चढवत-उतरवत काळीपिवळी जीप चालवायचे, हे कळल्यावर तर माझा संशय पक्काच झाला.

"सवारी न्हाई बसवत मॅडम," ते म्हणाले. "मागून आवाज येतोय, हितं उतरायचंय म्हणून. पाय आपसूक ब्रेकवर जातोय. जीपची सवय."

"कोण बोलतं?"

"मला वाटलं, पेशंट."

क्लेमच्या कागदांप्रमाणे ते सगळे पेशंट बेशुद्ध होते. माझा अविश्वास चेहऱ्यावर दिसला असावा.

"एक डाव तुमीच बसा गाडीत," मामा म्हणाले. "मंग लिव्हा काय लिव्हायचं ते. या वयात दुसरी गाडी कोण देतंय मला?"

पुढची फेरी चारठाण्याहून होती. पेशंट एक आजोबा — तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शुद्ध नाही. सोबत फक्त त्यांची सून. मागचं दार मी स्वतः लावलं आणि पुढे मामांशेजारी बसले. भर दुपार होती. जिंतूर गेलं, बोरी गेली. पूल दिसायला लागला, आणि अगदी माझ्या सीटमागून...

"हितं उतरायचंय."

घाई नाही, विनवणी नाही. जीपमधली सवारी म्हणते तसं. आवाज बाईचा की पुरुषाचा, आजही सांगता येत नाही. मी मामांकडेच बघत होते — त्यांचे ओठ मिटलेले होते.

त्यांनी ब्रेक मारला. मागचं दार खट्ट वाजलं. मी धावत मागे गेले. दार बंदच होतं, रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा. दार उघडलं तर आजोबा तसेच, आणि सून माझ्यावरच चिडली.

"ताई, हितं कशाला थांबायलात? माणूस सिरियस हाय आमचा."

"तुम्ही काही म्हणालात का?"

"मी कशाला म्हणू? मला दवाखान्यात उतरायचंय."

गाडी निघाल्यावर मी हळूच विचारलं, "मामा, उतरतं ते चढतं कुठून?"

"ते शोधायलाच तर तुमी आलात ना," ते म्हणाले. "आमाला उतरवायचंच तेवढं म्हाईत."

आजोबा वाचले. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'गाडीत प्रवासी आढळला नाही.' ते खोटं नव्हतं. मामांची नोकरी राहिली.

माझा संशय मात्र गेलेला नाही. दाराची कडी सैल असेल, मामांनी आणि त्या सुनेने मिळून मला फसवलं असेल... एकही कारण नीट बसत नाही. नंतर मी त्या सगळ्या फेऱ्या पुन्हा काढून बघितल्या. प्रत्येक फेरीत पुलाच्या आधी गाडी फक्त एकदाच थांबलेली दिसते — पेशंटच्या घरासमोर. आणि चारठाण्याला तर, सगळे बसल्यावर, दार मी लावलं होतं.