फोटोपुरतं उभं राहणं

"या जी, या!" म्हणत काका ताडकन उभे राहायचे. दारात पुढारी असो की दूधवाला. अड्याळच्या छोट्या दुकानात लुगडी विकण्यात त्यांची हयात गेली होती. समोरचा उभा असताना आपण बसायचं, हे त्यांना जमतच नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

गोंदिया आमच्या भंडारा जिल्ह्यातून वेगळं झालं, त्यानंतर काही वर्षांनी त्यांना कंपवात झाला. हात थरथरतात ते गावाला दिसलं. उठताच रक्तदाब खाली येतो, ते दिसलं नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी आधी झोपवून, मग उभं करून बीपी मोजला आणि बजावलं, "या आजारात असं होतं. पाणी भरपूर प्या, मीठ थोडं जास्त खा, आणि एकदम उठू नका."

एवढं सगळं ऐकायला गावाला वेळ कुठला? गावानं 'बीपी' तेवढं ऐकलं. बीपी म्हणजे मीठ बंद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेरवी असो की बारसं, पंगतीत काकांसाठी अळणी वरण वेगळं येऊ लागलं. "तुमच्यासाठी मुद्दाम काढलं जी," वाढणारा प्रेमानं म्हणे. काका पानातलं सगळं संपवत.

त्यात तब्येत विचारायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकासाठी काका उठत, डोळ्यांपुढे अंधारी येई, मटकन खाली बसत. "लय अशक्तपणा आला जी तुमाले," पाहुणा हळहळे आणि चहा घेऊन जाई.

"बसूनच काहून नाही बोलत तुमी?" काकू चिडत.

"माणूस दारात उभा हाय न वं."

मला काकांचा राग यायचा, आणि मायाही वाटायची.

मग ज्येष्ठ व्यापारी म्हणून त्यांचा घरीच सत्कार करायचं गावच्या व्यापारी मंडळाला सुचलं. काकूंनी हात जोडले, "बसूनच होऊ द्या जी." पण अध्यक्षांना बसलेला सत्कारमूर्ती फोटोत चालत नव्हता.

"फोटोपुरते उभे राहा न काका."

काका लगेच उठले. फोटोत ते शाल पांघरून हसताहेत. फोटो झाला आणि ते तिथंच कोसळले. उंबऱ्यावर डोकं आपटलं. आठवड्याच्या आत गेले.

शोकसभेलाही अध्यक्ष तेच. लांबलचक भाषण करून ते म्हणाले, "आता आपण सर्वांनी उभं राहून काकांना श्रद्धांजली वाहू या."

खुर्च्या वाजल्या. सगळे उठले. काकू तेवढ्या बसून होत्या.

"उठा न काकू," कुणीतरी हळूच म्हणालं.

"उभं राहूनच तं गेले ते," काकू म्हणाल्या. "मी नाही उठत."

मी उठलो होतो. परत बसलो.