दूधवाल्याची जीभ

सासऱ्यांनी जन्मभर घरोघरी दूध घातलं आणि त्यात पाणी किती असायचं, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. डॉक्टरांनी दूधदुभतं बंद करताच त्यांनी जेवणावरच रुसवा धरला. मग सूनबाईने गाजरं-रताळी उकडली, भिजवलेल्या काजूंबरोबर गुळगुळीत वाटली आणि वाफाळत्या दाट सुपाचा वाडगा त्यांच्यापुढे ठेवला.

सासऱ्यांनी वाडगा बोटाने चाटूनपुसून लख्ख केला.

"म्हशीची साय घातलीस. डॉक्टरला फसव, पण या जिभेला नाही फसवता यायचं," ते डोळा मारून म्हणाले.

सूनबाईला राहवेना. "मामंजी, त्यात दुधाचा थेंबसुद्धा नाही."

सासऱ्यांनी रिकामा वाडगा उचलून हुंगून पाहिला.

"माझ्यावर सवाई निघालीस गं. मी निदान पाण्यात थोडं दूध तरी घालायचो."